तळघराची खोली होताना

१८ एप्रिल

काय काम केलं ते तारीख घालून लिहून ठेवा, पुढे तपासणीला उपयोगी पडतं, असं सुंडवॉलबाईंनी सांगितलं. म्हणून ही वही. यापूर्वी मी कधी काही लिहिलेलं नाही. मोठ्या सरोवराकाठी, डुलुथच्या गोदीत चौतीस वर्षं बोटींत लोहखनिज भरलं, तिथे सहीपुरतंच लिहायचं असे.

मुळात भानगड अशी झाली. घर विकून ॲरिझोनाला धाकट्या भावाच्या, रॉजरच्या शेजारी जाऊन राहायचं ठरवलं आहे. बायकोला, फिलिसला जाऊन तीन वर्षं झाली. एकट्याला एवढं घर काय करायचं? तर घरविक्रीची एजंट ट्रेसी येऊन गेली आणि म्हणाली, "जाहिरातीत झोपायच्या खोल्या दोनच लिहिता येतील." मी म्हटलं, तीन आहेत. ती म्हणाली, "तळघरातली खोली मोजणीत धरत नाहीत." मी म्हटलं, माझी मुलगी ब्रिट त्या खोलीत सहा वर्षं झोपली, ती काय हवेत झोपली? ट्रेसी म्हणाली, "नगरपालिकेचा शिक्का आणा, मग तीन लिहिते."

आज नगरपालिकेच्या तपासणीसबाई आल्या. लवोन सुंडवॉल. साठीच्या आसपास, उंच, पायात कामगारांचे बूट, हातात मोजायची फीत. खाली गेल्या, दहा मिनिटं नुसतं मोजत होत्या. छत सहा फूट आठ इंच, सात हवं. खिडकीची खालची कड पाच फुटांवर, चव्वेचाळीस इंचांच्या वर नको. आणि खिडकी एवढीशी.

"यातून मांजर निघेल, माणूस नाही," त्या म्हणाल्या. "उष्णता कशाची आहे?"

मी भिंतीतल्या प्लगला लावायचा विजेचा हीटर दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हीटरकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

"कपाट भिंतीत बसवलेलं आहे," मी म्हटलं. कपाट असलं की झोपायची खोली ठरते, असं ट्रेसीने ठासून सांगितलं होतं.

"कपाटाचं मला काही देणंघेणं नाही. कपाटातून कोणी बाहेर पळत नाही."

"मग ही खोली म्हणजे काय आहे तुमच्या मते?"

"सध्या अडगळीची खोली आहे. गालिचा मात्र चांगला आहे."

डोकं सटकलं माझं. पण दारापर्यंत सोडायला गेलो. बर्फ अजून वितळलेलं नाही, पायऱ्या निसरड्या.

१९ एप्रिल

रागाच्या भरात छत उतरवलं. मीच अठ्ठ्याऐंशी साली टांगलेले ते पांढरे चौकोनी तक्ते. वर वाशांपर्यंत सात फूट तीन इंच निघालं. म्हणजे इतकी वर्षं मीच सात इंच खाऊन बसलो होतो.

मधल्या लोखंडी तुळईखाली सहा फूट पाच इंच. नगरपालिकेत फोन केला. सुंडवॉलबाईच बोलल्या. तुळईला सहा फूट चार चालतं म्हणे. एक इंचाने वाचलो. फोन ठेवल्यावर तळघरात एकटाच हसलो. तिथे आवाज फार घुमतो.

६ मे

परवानगी मिळाली. नकाशा मी तीनदा काढला. पहिले दोन त्यांनी परत पाठवले, लाल पेन्सिलीने नीट खुणा करून. अक्षर सुरेख आहे.

२१ मे

आजपासून खड्डा. खिडकी जमिनीच्या पातळीखाली येणार, म्हणून बाहेरून माणूस उभा राहील एवढा हौद खणायचा, वर चढायला शिडी, तळाशी पाण्याचा निचरा. शेजारचा ड्वेन आपणहून फावडं घेऊन आला. ड्वेन आणि मी गोदीत एकाच पाळीत होतो. गेली तीस वर्षं तो माझ्यावर हसतो आहे.

लाल चिकणमाती आणि त्यात कलिंगडाएवढे धोंडे. दोन तासांत गुडघाभर खड्डा झाला.

"ॲरिझोनात वाळू असते," ड्वेन म्हणाला. "तिथे खणायला सोपं पडेल तुला."

"तिथे खणायचंच नाही मला. तिथे तळघरंच नसतात."

"मग तू तिथे दिवसभर करणार काय?"

तेवढ्यात मोठा धोंडा लागला.

चार वाजता सुंडवॉलबाई आल्या. याच रस्त्याने चालले होते, म्हणाल्या. आमचा रस्ता पुढे टेकडीवर बंद होतो, त्या कुठे चालल्या होत्या ते कळलं नाही. मटणबटाट्याच्या करंज्या केल्या होत्या, आईच्या पद्धतीने, सलगम घालून. एक दिली. त्यांनी उभ्याउभ्या खाल्ली आणि सांगितलं की खड्ड्याखाली दोन फूट खडी घाला आणि पाइप घराच्या पायाजवळच्या निचऱ्याला जोडा, नाहीतर पहिल्या पावसात तुमची खिडकी मत्स्यालय होईल.

२९ मे

भिंत कापली.

कापणारे दोघे काँक्रीट कापायची करवत घेऊन आले. सकाळभर घर थरथरत होतं, भांडी वाजत होती. दुपारी शेवटचा तुकडा बाहेर ओढला आणि तळघरात ऊन आलं. पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. बेचाळीस वर्षांत त्या जमिनीवर ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं. धूळ इतकी होती की उन्हाचा खांब उभा राहिल्यासारखा दिसत होता. मी त्यात हात घालून उभा राहिलो. कापणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "बरं आहे ना, आजोबा?" मी म्हटलं, डोळ्यांत सिमेंट गेलं.

८ जून, रविवार

मत्स्यालय झालं.

परवापासून धो धो पाऊस. सकाळी खाली गेलो तर नव्या खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत पाणी लागलेलं, आणि कडेने आत झिरपतंय. ड्वेनला बोलावलं, दोघं बादल्यांनी उपसायला लागलो. साडेनवाला फाटकापाशी गाडी थांबली. सुंडवॉलबाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पिवळा रेनकोट, हातात पंप.

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. म्हणून तर पंप माझा आहे, नगरपालिकेचा नाही."

पाइपाचं तोंड मातीने बुजलं होतं. जाळी बसवायला आम्ही विसरलो होतो. म्हणजे मी विसरलो होतो. ड्वेनने दोष स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याला खोटं बोलता येत नाही. अकरापर्यंत पाणी ओसरलं. ड्वेन कपडे बदलायला घरी गेला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो. बाईंनी ओला रेनकोट काढला, बाह्या वर केल्या, तेव्हा डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा वण दिसला. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं.

"काच," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांची होते. आमच्याकडेही माझी खोली तळघरातच होती. पलीकडे वाफेच्या न्हाणीची भट्टी. तिने पेट घेतला. जिन्यात धूर. खिडकी तुमच्या जुन्या खिडकीएवढीच होती. बाबांनी बाहेरून कुऱ्हाडीने चौकट फोडली आणि मला हाताला धरून ओढलं. मी बारीक होते म्हणून निघाले."

मी म्हटलं, "आणि मी तुम्हाला गालिचा दाखवत होतो."

"सगळेच दाखवतात. लोकांना वाटतं रंग, गालिचा, दिवे लावले की खोली झाली. मी एवढंच बघते की आत झोपलेलं माणूस उठून बाहेर येऊ शकेल का. उजेड, ऊब, डोक्यावर जागा, हे हवंच. पण आधी ते."

जाताना पंप इथेच ठेवून गेल्या. राहू दे, म्हणाल्या, पाऊस आहे अजून.

९ जून

काल दुपारपासून एकच डोक्यात. ब्रिट अकरा वर्षांची असताना तिला खाली खोली दिली. सतरा वर्षांची होईपर्यंत ती तिथे झोपली. भिंतीपलीकडे घर तापवायची गॅसची भट्टी. खिडकीतून मांजर निघेल एवढी जागा. वर आम्ही दोघं निवांत घोरत होतो.

सकाळी ब्रिटला फोन केला. ती मिनिआपोलिसला शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत बोलली.

"बाबा, काय झालं? तू या वेळी फोन करत नाहीस."

"तुला त्या खोलीत झोपवायला नको होतं मी."

"कुठल्या खोलीत?"

सांगितलं.

"बाबा, ती खोली मीच मागितली होती. तू नको म्हणत होतास, मी आठवडाभर जेवले नव्हते. आठवतं?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"आणि मी मजेत होते तिथे," ती म्हणाली. "पण तू फोन केलास ते बरं केलंस." तिचा आवाज थोडा बदलला होता. मग म्हणाली, "ही सुंडवॉलबाई कोण?"

सांगितलं, नगरपालिकेची तपासणीस.

१ जुलै

भिंतींचे लाकडी सांगाडे उभे झाले, वायरिंग झालं. तपासणी पास. धुराचा इशारा देणारे भोंगे वरखाली एकमेकांना जोडले, एक ओरडला की सगळे ओरडतात. ड्वेनने शेंगदाण्याएवढी तरी चूक शोधायला तासभर घालवला, सापडली नाही, म्हणून रागावून घरी गेला.

१७ जुलै

उष्णतेच्या तपासणीत नापास. भिंतीपलीकडच्या भट्टीतून गरम हवेची एक नळी आणून खोलीत सोडली होती. बाईंनी हिशेब मांडला. जानेवारीत बाहेर उणे तीस असताना खोली नियमाप्रमाणे अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर जाणार नाही. नळी दुसरी हवी, आणि गार हवा परत न्यायलाही वाट हवी.

मी वाद घातला. "एवढं कोण बघतं?"

"मी बघते."

"अहो, घर विकायचंच आहे मला. जानेवारीत मी इथे नसेन."

त्या फीत गुंडाळत होत्या, थांबल्या. "पण कोणीतरी असेल ना," म्हणाल्या. नेहमीपेक्षा जरा तुटक बोलल्या. कॉफी न घेताच गेल्या.

माझंच चुकलं. तरी एक बरं आहे, नवी नळी घातली की त्यांना पुन्हा यावं लागेल.

२४ जुलै

पुन्हा तपासणी. पास. या वेळी कॉफी घेतली. वेलची घातलेला, वेणीसारखा वळलेला गोड पाव केला होता, त्याचे तीन तुकडे खाल्ले. माझी पहिलीच वेळ होती तो करायची. वेणी घालायला फिलिसची जुनी चिठ्ठी पाहून शिकलो.

३ ऑगस्ट

रॉजरचा फोन. शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली आहे, तलाव आहे म्हणे. फोटो पाठवला. पोहायची टाकी आहे. त्याला तलाव म्हणतात तिथे.

मी म्हटलं, बोटी दिसतात का? तो म्हणाला, "कसल्या बोटी रे?" आमच्या इथे सकाळी हजार फुटांची बोट पुलाखालून जाताना भोंगा देते, तो खिडकी बंद असली तरी ऐकू येतो. आता तळघरातही येतो.

ब्रिटला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, वीस मिनिटांत तू रॉजरकाकाचं नाव दोनदा घेतलंस आणि सुंडवॉलबाईंचं अकरा वेळा." शिक्षकांना मोजायची सवय असते.

१६ ऑगस्ट

जिप्समचे तक्ते लागले, सांधे घासून गुळगुळीत केले, रंग दिला. छत सात फूट पावणेदोन इंच. रंग कोणता द्यावा हे ठरत नव्हतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, रंगाबद्दल नियम नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताकासारखा पांढरा द्या. ऊन छान दिसेल त्यावर." तोच दिला.

२२ ऑगस्ट

सुंडवॉलबाई म्हणाल्या, कागदावर खिडकी बरोबर आहे, पण मला बाहेर निघून दाखवा. मी सहासष्ट वर्षांचा आहे. खिडकी उघडली, कडेवर गुडघा टेकला, हौदात उतरलो, शिडी चढलो, गवतावर आलो. गुडघा जरा कुरकुरला, बाकी ठीक.

खाली वाकून पाहिलं तर त्या खिडकीत उभ्या होत्या. चेहरा कसासाच झाला होता.

"तुम्हीही या," मी म्हटलं. "नाहीतर कसं कळणार?"

त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग टोपी काढून माझ्याकडे भिरकावली आणि आल्या. बूट शिडीच्या पायरीला लागत खणखण आवाज. शेवटच्या पायरीवर मी हात दिला. खरं तर त्यांना गरज नव्हती, पण त्यांनी धरला. डावा.

मग आम्ही गवतावर बसलो आणि हसत सुटलो. कशाला हसलो ते सांगता येणार नाही. ड्वेन कुंपणावरून बघत होता. "दोन चोर घरातून पळतायत, पोलिसांना कळवू का?" म्हणाला.

पाच मिनिटांनी त्या उठल्या, टोपी घातली, आणि सरळ गाडीकडे गेल्या. बहुतेक दुसरीकडे जायची घाई असावी.

४ सप्टेंबर

नगरपालिकेतून फोन. शेवटची तपासणी दहा तारखेला, तपासणीस लेस्टर म्हणून कोणी. मी विचारलं, सुंडवॉलबाई आजारी आहेत का? नाही म्हणाले. रजेवर? नाही. मग? बोलणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

माझ्याकडून काय चूक झाली ते आठवतो आहे. खिडकीतून चढायला लावायला नको होतं. त्यांचा हात तसा, आणि मी सांगतो चढा. मूर्खपणा.

पंप अजून इथेच आहे. तो परत द्यायला जावं का? नको. त्यांना वाटेल लाच देतोय.

१० सप्टेंबर

पास.

लेस्टर नावाचा हडकुळा, पडशाने शिंकणारा माणूस आला. खिडकी मोजली, छत मोजलं, भोंगा दाबला, घरभर सगळे भोंगे ओरडले. तापमान पाहिलं. कार्डावर सही ठोकली. "ही आता राहायची खोली झाली," म्हणाला. "तीन झोपायच्या खोल्यांचं घर."

पाच महिने याच वाक्यासाठी राबलो. पण ते त्याच्या तोंडून ऐकून खास वाटलं नाही.

"सुंडवॉलबाई का नाही आल्या?" मी विचारलं.

लेस्टरने कागद उलटा करून दाखवला. त्यांचंच अक्षर: "या पत्त्याबाबत मला निःपक्षपाती राहता येणार नाही. काम दुसऱ्याकडे द्यावं."

म्हणजे एवढा राग आहे. संध्याकाळी ड्वेनला सांगितलं. तो माझ्या पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"अरे गाढवा, ज्याचा राग येतो त्याच्याकडे बाई रविवारी भर पावसात पंप घेऊन येत नाही."

"मग?"

"मग काय. तुझ्या कार्डावर सही करणं तिला आता पटत नाही. तिच्या नोकरीची अब्रू आहे. विचार कर जरा. तुला वेळ लागेल, मी घरी जातो."

ब्रिटला फोन केला, कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, तुला पत्र आलंय ते, आणि तू त्याला शेरा समजतोयस."

बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिलो. फिलिसचा फोटो समोर होता. ती असती तर तिने मला जूनमध्येच सांगितलं असतं.

१२ सप्टेंबर

सकाळी नगरपालिकेत फोन केला. सुंडवॉलबाईंनीच उचलला.

"वेंडेल कांगस बोलतोय," मी म्हटलं. "तपासणी झाली. पास झालो. आता काही काम उरलेलं नाही. तरी तुम्ही याल का?"

पलीकडे कोणी तरी टाइप करत होतं तो आवाज येत होता.

"काम उरलं नसेल तर येते," त्या म्हणाल्या. "रविवारी."

मग रॉजरला कळवलं की ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाक. तो म्हणाला, "का रे, काय अडलं?" मी म्हटलं, काहीच अडलं नाही. ट्रेसीलाही कळवलं. ती म्हणाली, "अहो, आत्ता तर घराला खरी किंमत आली." मी म्हटलं, हो, मलाही तसंच वाटतं.

१४ सप्टेंबर, रविवार

ती बाराला आली. निळा स्वेटर, साधे बूट. रिकामा हात कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं, नेहमी त्यात फीत असते.

जंगली तांदळाचं सूप केलं होतं, ते खाल्लं. लवोन म्हण, असं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, घर विकत नाहीये. ती "बरं" म्हणाली आणि बशीतली पावाची कड दोनदा मोडली.

मग म्हणाली, "लेस्टरने नीट पाहिलं असेल ना? मी एकदा बघून येते." मी म्हटलं, बघ. ती खाली गेली, मी भांडी विसळली. विसळून झाली तरी वर आली नाही. जिन्यातून वाकून पाहिलं. खिडकीपाशी ठेवलेल्या जुन्या आरामखुर्चीत ती झोपली होती. ऊन गुडघ्यांवर. तोंड किंचित उघडं, डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता.

मी वर येऊन बसलो. कॉफीचं यंत्र लावलं नाही, आवाज होतो. ड्वेन गवत कापायला निघाला होता, त्याला खिडकीतून खूण करून थांबवलं.

दीड तासाने ती वर आली. गालावर खुर्चीच्या कापडाचे वळ उमटले होते.

"मला उठवलं का नाहीस?"

"गाढ झोपली होतीस."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "एक्कावन्न वर्षांत मी तळघरात पाठ टेकलेली नाही," म्हणाली. "रोज चार तळघरं बघते. उभ्याने बघते आणि वर येते." मग जरा हसली. "घोरत होते का?"

"थोडीशी."

तिने फोनमध्ये पाहिलं, साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, मासा आणून ठेवलाय, सरोवरातला, ताजा आहे, जेवून जा.

"जेवते," ती म्हणाली आणि बाह्या वर करून बटाटे सोलायला घेतले. "जाण्याचं मग बघू."